विश्लेषण : पदवीच्या पहिल्या वर्षी विषय किती, भार किती?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या प्रवेश अर्जात आता केवळ शाखा लिहून भागत नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय असे अनेक रकाने भरावे लागतात. घाईत केलेली निवड पुढे सत्रभर, काही वेळा पदवीभर सोबत राहते.

श्रेयांकांचे गणित काय?

एका सत्रात साधारण 20 ते 22 श्रेयांक मिळवायचे असतात. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, तर चार वर्षांच्या पदवीला 160 ते 176 श्रेयांक लागतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तास अध्यापन किंवा 30 तास प्रात्यक्षिक. समजा, 22 पैकी सहा श्रेयांक प्रात्यक्षिकांचे आहेत. मग आठवड्याला 16 तास व्याख्याने आणि 12 तास प्रात्यक्षिके, म्हणजे 28 तास वर्गातच जातात. घरचा अभ्यास आणि लोकलचा प्रवास वेगळाच.

भार नेमका कुठे वाढतो?

दोन श्रेयांकांच्या छोट्या विषयांमध्ये. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य असे विषय दिसायला हलके असतात. पण प्रत्येकाचे अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प आणि परीक्षा स्वतंत्र असते. सगळ्यांच्या तारखा एकाच पंधरवड्यात आल्या की मुख्य विषय मागे पडतो. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीलाच सर्व तारखा एका कागदावर मांडाव्यात.

निवड कशी करावी?

‘सोपा’ म्हणून किंवा मित्राने घेतला म्हणून मायनर निवडू नये. तो पुढील सत्रांतही अभ्यासायचा असतो. मेजरला पूरक विषय घेतल्यास दोन्हींचा अभ्यास परस्परांना उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, अर्थशास्त्राला संख्याशास्त्राची जोड. ओपन इलेक्टिव्ह मात्र दुसऱ्या विद्याशाखेतील असतो. तिथे नवे काही आजमावून पाहता येते. नोकरी करणाऱ्यांनी जास्त प्रात्यक्षिके असलेले विषय एकाच सत्रात घेणे टाळावे. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा यांसारख्या सहअभ्यासक्रमालाही श्रेयांक असतात, तसा वेळही लागतो.

अर्ज भरण्यापूर्वी काय विचारावे?

यादीतील विषय या वर्षी खरोखर शिकवला जाणार आहे का, त्याचे वेळापत्रक मेजरच्या तासांवर येते का आणि विषय बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे तीन प्रश्न महाविद्यालयाला विचारावेत. विषयांची रचना आणि एटीकेटीचे नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठातील मित्राच्या माहितीवर विसंबू नये.

वर्ष अर्धवट सुटले तर?

पहिल्या वर्षाचे 40 ते 44 श्रेयांक आणि चार श्रेयांकांचे अतिरिक्त कौशल्यकाम वा इंटर्नशिप पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेले श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. मात्र विषय राहिला, तर त्याचे श्रेयांक जमा होत नाहीत. म्हणून विषय निवडताना त्याच्या नावाबरोबर त्याला लागणारे तासही मोजावेत.