ब्रॅड, चक आणि गरम जेवण

दलित पँथर आपल्याला ठाऊक आहे, १९७२ ची. ते नाव ज्यांच्यावरून आलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाचा, हा किस्सा मात्र फारसा कुणी सांगत नाही.

अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात 'कलम ५०४' होतं : सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करायचा नाही. कागदावर झकास! पण नियमावलीवर सही होईना, वर्षं गेली. शेवटी ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या इमारतीत शंभराहून अधिक अपंग माणसं घुसली आणि तिथेच राहिली. अधिकाऱ्यांनी फोन तोडले, तर कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देऊ लागले. (मला हा प्रसंग सर्वांत आवडतो.)

त्यांच्यात होता ब्रॅड लोमॅक्स. कृष्णवर्णीय, पँथर कार्यकर्ता, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे व्हीलचेअरवर. सोबत त्याची देखभाल करणारा चक जॅक्सन, तोही पँथर. चक तिथल्या इतरांचंही करायचा. या दोघांमुळे पक्ष मागे उभा राहिला आणि ओकलंडहून रोज गरम जेवण यायला लागलं. उपाशीपोटी इतके दिवस कोण टिकतं? पुढे दोघं शिष्टमंडळासोबत वॉशिंग्टनलाही गेले.

२८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमावलीवर सही केली. आंदोलनाच्या नेत्या म्हणून जूडी ह्यूमन यांचं नाव गाजलं, ते योग्यच. ब्रॅड १९८४ मध्ये गेला, जेमतेम तेहतिशीत. त्याचं नाव कितीजणांनी ऐकलंय?