धांवण्याचा अभ्यास

आठवी-नववींतील मुलीनें शाळेच्या मैदानी खेळांच्या संघांत नांव घातलें, कीं घरांत दोन प्रश्न हटकून निघतात. पहिला, 'अभ्यासाचें काय?' दुसरा, 'आतां नव्यानें शिकून हिचा नंबर तो कितवा येणार?' दोन्ही प्रश्न काळजीपोटीं येतात. म्हणूनच त्यांचा शांतपणें विचार व्हावयास हवा.

पहिल्याचें अर्धें उत्तर त्या शब्दांतच आहे. 'अस्' म्हणजे फेंकणें या संस्कृत धातूस 'अभि' हा उपसर्ग लागून 'अभ्यास' शब्द सिद्ध झाला. एकच क्रिया पुनःपुन्हा करणें हा त्याचा अर्थ. रोज सकाळीं मैदानावर गोळा फेंकणारी मुलगी धात्वर्थानें अभ्यासच करीत असते. मात्र व्युत्पत्तीनें दिवसाचे तास वाढत नाहींत. सरावास लागणारा तास झोपेंतून किंवा पाठांतून काढूं नये. तो रात्रीं टीव्ही व मोबाइल यांपुढें जाणाऱ्या वेळांतून काढावा. एकत्र कुटुंबांत हें एकट्या मुलीस साधत नाहीं. दिवाणखान्यांतील आवाज साडेनवास बंद झाला, तरच ती पहाटे उठेल. म्हणजे व्रत तिचें असलें, तरी नियम साऱ्या घराचा.

दुसऱ्या प्रश्नास उदाहरणेंच उत्तर देतील. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यांत गेले. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडीत तीन हजार मीटर धांवावयाची स्टीपलचेस ही शर्यत त्यांनीं २०१७ सालीं हातीं घेतली. २०२२ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांस रौप्यपदक व २०२३ सालीं आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळालें. सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर प्रथम मॅरेथॉन धांवत. पुढें त्या याच शर्यतीकडे वळल्या आणि २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत दहाव्या आल्या. हीं नांवें आम्ही पदकांच्या मोहानें घेत नाहीं. आपली शर्यत कोणती, हें त्यांनाही आरंभीं ठाऊक नव्हतें, एवढेंच सांगावयाचें आहे.

म्हणून नवशिक्यानें पहिल्या वर्षीं एकाच प्रकारास चिकटूं नये. शंभर मीटर धांवून पाहावें, आठशें मीटर धांवून पाहावें, लांब उडी घ्यावी, थाळी फेंकावी. महागडे खिळ्यांचे बूट पहिल्याच आठवड्यांत आणण्याचें कारण नाहीं. पायांस नीट बसणारे साधे बूट पुरेत. पहिले कांहीं दिवस पोटऱ्या व मांड्या भरून येतात, तें स्वाभाविक आहे. परंतु नडगीचें हाड किंवा सांधा दुखूं लागल्यास तें न लपवितां क्रीडाशिक्षकांस सांगावें आणि विसांवा घ्यावा. सरावाचें प्रमाण हळूहळूच वाढवावें.

आठशें मीटर म्हणजे चारशें मीटरच्या मैदानाचे दोन फेरे. नवशिकी मुलगी उत्साहाच्या भरांत पहिला फेरा वाऱ्यासारखी काढते आणि दुसऱ्यांत तिचे पाय शिशासारखे जड होतात. मागून एकेक मुलगी पुढें निघून जाते. यांत लाज वाटावयासारखें कांहीं नाहीं. शक्ति राखून खर्चणें ही विद्या अशा फजितीवांचून सहसा येत नाहीं.

खरी परीक्षा त्या संध्याकाळीं घरीं होते. एखादे काका सहज विचारतात, 'शेवटून पहिली ना?' आणि सारी पंगत हंसते. शाळेंत शिकवीत असतां आम्हीं अनेक मुलें मैदान सोडतांना पाहिलीं. पायांनीं दगा दिल्यामुळें सोडणारीं थोडीं. घरच्या अशा हंसण्यामुळें सोडणारीं पुष्कळ. हंसणाऱ्यांच्या मनांत कांहीं नसतें, पण मुलीच्या मनांत तें राहतें.

यावर आमची एक सूचना आहे. घरांतील आजोबांनीं किंवा आजींनीं एक वही घालावी. तींत तारीख, अंतर आणि लागलेला वेळ एवढेंच लिहावें. मुलगी घरीं आली, कीं 'कितवी आलीस?' असें न विचारतां 'मागच्यापेक्षां किती सेकंद कमी लागले?' असें विचारावें. नंबर इतरांच्या पायांवर अवलंबून असतो. वहींतला आंकडा तिचा स्वतःचा असतो. महिन्याभरानें तो चार सेकंदांनीं खालीं आलेला दिसला, तर तिला दुसऱ्या बक्षिसाची गरज उरणार नाहीं, आणि घरालाही अभ्यास म्हणजे काय तें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.