फॉर्मॅलिनची करामत

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. एकीत साप, दुसरीत बेडूक, तिसरीत तारामासा. तुमच्या जन्माआधी मेलेला तो बेडूक अजून जसाच्या तसा कसा राहिला? आणि बरणीचे झाकण उघडताच डोळ्यांना पाणी का येते? मी शिकवतो पदार्थविज्ञान. पण या दोन प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे हे कळले, तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

ही गोष्ट १८९३ सालची, जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरातली. फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइड हे रसायन जंतू कितपत मारते ते तपासत होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आले, की द्रावण लागून आपल्या बोटांची कातडी टणक झाली आहे. जणू ती अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली होती! दुसरा कोणी हात धुऊन मोकळा झाला असता. ब्लूम यांनी मात्र ताडले, की जे बोटांचे झाले ते शरीरातल्या इतर ऊतींचेही होणार. त्यांनी करून पाहिले, आणि तसेच झाले.

असे का होते? प्राणी मेला, की दोन शत्रू त्याच्या देहावर तुटून पडतात. एक घरातलाच: पेशींतली विकरे त्याच पेशींना पचवू लागतात. दुसरे जीवाणू. फॉर्मॅल्डिहाइड दोघांनाही एकाच युक्तीने गारद करते. त्याचा रेणू अगदी लहान: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. प्रथिनांच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून तो शेजारच्या दोन साखळ्यांना पुलासारखा जोडून टाकतो. असे असंख्य पूल झाले, की मऊ मांस कडक होते. विकरे म्हणजेही प्रथिनेच, तीही जखडली जातात. जीवाणूंची तीच गत. चामडे कमावताना असेच काहीसे घडते.

फॉर्मॅल्डिहाइड हा खरे तर वायू आहे. पाण्यात त्याचे शेकडा ३७ ते ४० भाग विरघळवले, की फॉर्मॅलिन होते. देहदानातून वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेला देह किंवा परदेशाहून विमानाने आणायचा मृतदेह टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन पातळ करून रक्तवाहिनीतून आत सोडतात. यालाच एम्बामिंग म्हणतात. त्या द्रवात मिथेनॉल, फिनॉल, ग्लिसरीन असेही पदार्थ असतात.

येथे माझा विषय आला! हृदय तर थांबलेले, मग द्रव सर्वत्र पोहोचवायचा कोणी? एक साधी पद्धत म्हणजे द्रवाचे भांडे उंच टांगणे. जिवंत माणसाचे हृदय आकुंचन पावताना सुमारे १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. गुणाकार करा: पाण्याचा सुमारे १.६ मीटर उंचीचा स्तंभ तेवढाच दाब देईल. म्हणजे भांडे पुरुषभर उंचीवर टांगले, की हृदयाचे काम गुरुत्वाकर्षण करते. द्रव हृदयाने आखलेल्या वाटांनीच बारीक केशवाहिन्यांपर्यंत जातो.

आता दुसरा प्रश्न. या रेणूला मेलेले प्रथिन कोणते आणि जिवंत कोणते, हे कळत नाही. ब्लूम यांची बोटे जिवंतच होती की! शिवाय हा वायू पाण्यात सहज विरघळतो. म्हणून हवेतली त्याची वाफ प्रथम डोळ्यांच्या आणि नाकाच्या ओलाव्यात उतरते आणि तेथेच आपले काम सुरू करते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. हातांना वारंवार लागले तर कातडीला खाज व पुरळ येते. पोटात गेले तर घसा आणि जठर भाजून निघते, जीवही जाऊ शकतो. २०१८ साली मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात बाहेरची मासळी काही काळ बंद केली होती, ती याच धास्तीने.

रोज हे काम करणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. फॉर्मॅल्डिहाइड पेशींतील डीएनएलाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसात कर्करोग घडवते असे ठरवले. नाकामागच्या घशाचा कर्करोग त्याला कारण. २००९ साली रक्ताच्या कर्करोगाचीही त्यात भर पडली. अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत, ज्यांनी अधिक वर्षे एम्बामिंग केले त्यांच्यात एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले.

म्हणून चांगल्या विच्छेदनगृहात हवा टेबलाच्या कडेने खाली ओढून घेतात. वाफ काम करणाऱ्याच्या नाकाशी पोहोचतच नाही. नुसत्या छताच्या पंख्याने ती खोलीभर पसरते, एवढेच. तुमच्या शाळेतली बरणी उघडायची असेल तर शिक्षक जवळ असू द्या, खिडक्या सताड उघडा आणि हातमोजे घाला. थेंब डोळ्यात उडालाच, तर चोळू नका. नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटे धुवा, मग थेट डॉक्टरकडे.