विकत घेतलेल्या व्ह्यूजने रील पुढे जाते का?

१४ एप्रिल जवळ आला की ऐरोली, घणसोली, तुर्भे परिसरातील आपले तरुण गायक भीमगीतांच्या रील टाकू लागतात. अशा वेळी 'थोड्या पैशांत दहा हजार व्ह्यूज' असा मेसेज आला की मोह होतो. सहा महिने घाम गाळून बसवलेले गाणे तीनशे जणांनीच पाहिले, तर तो होणारच.

पण रीलचा हिशोब निराळा आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन मुख्य निकष सांगितले: व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला आणि तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांच्यापैकी किती जणांनी लाइक केला, किती जणांनी पुढे पाठवला. अनोळखी प्रेक्षकांपर्यंत जायचे तर पुढे पाठवण्याला जास्त वजन आहे. म्हणजे नुसता आकडा नव्हे, प्रमाण मोजले जाते.

समजा ५०० जणांनी गाणे पाहिले आणि ५० जणांनी पुढे पाठवले. प्रमाण १० टक्के, म्हणजे उत्तम. त्यात १०,००० विकतचे व्ह्यूज मिसळले. ही बनावट खाती गाणे ऐकत नाहीत, कुणाला पाठवतही नाहीत. पाठवणारे ५०च राहिले आणि प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले. यंत्रणेने हे व्ह्यूज खरे धरले, तर गाणे लोकांना आवडले नाही असा अर्थ निघतो; खोटे म्हणून ओळखले, तर ते वजा होतात. पैसे दोन्हीकडे बुडतात. 

अ‍ॅपमधले अधिकृत 'बूस्ट' वेगळे. ती उघड जाहिरात असते आणि खऱ्या माणसांना दाखवली जाते. पैसे संपले की तीही थांबते, एवढे मात्र लक्षात ठेवा.

हा धंदा आपल्यापासून लांब नाही. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाच्या बनावट प्रोफाइलच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने खोटे फॉलोअर्स विकणाऱ्या टोळीचा तपास केला होता.

व्ह्यूज विकणारा लॉगिन-पासवर्ड मागत असेल, तर खातेच हातचे जाऊ शकते. त्यापेक्षा रीलच्या इनसाइट्समध्ये लोक कितव्या सेकंदाला सोडून जातात ते पाहा. बहुतेकदा सुरुवातीचे लांबलचक टायटल आणि सौजन्याची नावे संपायच्या आतच ते गेलेले असतात.