थंडीत बोटीवर मुक्काम: अंग कोरडे ठेवणे का महत्त्वाचे?

अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या अनेक खलाशांचे दिवस-रात्र बोटीवरच जातात. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे घरच्यांना वाटते. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. ओल्या कपड्यांना रात्रीचा वारा लागला की अंग झपाट्याने गार पडते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेल्यास त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

काय काळजी घ्यावी?

• कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. जाळे ओढून झाले की ओले कपडे लगेच बदला.
• सुती कपडा भिजला की ऊब देत नाही. आत लोकरी स्वेटर, वर रेनकोट घाला. कानटोपी विसरू नका.
• झोपण्यापूर्वी पायाची बोटे पुसून कोरडी करा. सतत ओल राहिल्यास चिखल्या होतात.
• बंद केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो.
• दारूने ऊब आल्यासारखे वाटते, पण अंगातील उष्णता उलट बाहेर पडते.

धोक्याची लक्षणे

जोराची थरथर, बोलणे अडखळणे, गुंगी, गोंधळल्यासारखे वागणे. थरथर थांबूनही माणूस सुस्त असेल तर धोका वाढला आहे असे समजा. ओले कपडे काढून त्याला कोरड्या घोंगडीत गुंडाळा. हातपाय चोळू नका. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम गोड चहा द्या. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाला १५५४ वर, किनाऱ्यावर असाल तर १०८ वर फोन करा.