न जळणारा धागा

आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. गावातील कित्येक घरांवर आणि गोठ्यांवरही तेच. माझे वडील, आबा, हे पत्रे बसविण्याचे काम करतात. पत्रा मापात बसेना, की करवतीने कापायचा, उडालेली भुकटी अंगावरून झटकायची आणि पुढच्या पत्र्याला हात घालायचा. अशा पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस नावाचे तंतुमय खनिज मिसळलेले असते, हे कॉलेजच्या ग्रंथालयात वाचले आणि त्या भुकटीचा विचार पाठ सोडीना.

ॲस्बेस्टॉस हा दगडच. पण तो कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत निघते आणि ते जळत नाही. हाच त्याचा गुण, आणि घातही यातच आहे. त्याचे सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते नाकातील केस ओलांडून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. बाहेरून आलेला कण गिळून टाकणाऱ्या पेशी तेथे पहारा देत असतात. परंतु तंतू त्या पेशीपेक्षा लांब असला, तर तो तिला पुरता गिळता येत नाही आणि विरघळवताही येत नाही. या झटापटीत पेशीतून दाहक द्रव्ये बाहेर पडतात. दाह वर्षानुवर्षे चालू राहतो आणि जखमेवर वण धरावा तसे फुप्फुस आतून वणांनी भरत जाते. मऊ, लवचिक फुप्फुस ताठ होते. प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही. चढ चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो. या रोगाला 'ॲस्बेस्टॉसिस' म्हणतात. धरलेले वण पुसून टाकणारे औषध नाही. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. याच तंतूंमुळे कर्करोगही होतो आणि जोडीला धूम्रपान असल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फारच वाढतो.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसात हे खनिज कण दाखविले. पण कंपनीने जबाबदारी नाकारली. पुढे सरकारी पाहणीत ३६३ कामगार तपासले, त्यांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसात वण आढळले. हा अहवाल १९३० चा. १९३१ मध्ये तेथे धुळीविषयी नियम झाले. १९९९ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात.

हे सारे मी आबांना सांगितले. ते हसून म्हणाले, "अरे, इतकी वर्षं झाली, मला कुठं काय झालंय?" याचे उत्तर देणे मला जड गेले. कारण हा रोग दहा-वीस वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, गुपचूप असतो. आज काही झाले नाही, हा पुरावा होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आदेश दिला, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी. कारखान्यातील कामगाराला निदान हा आधार आहे. पण उन्हात छपरावर बसून पत्रा कापणाऱ्याची नोंद कोणत्या वहीत आहे?

छप्पर शाबूत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पत्रा कापताना, फोडताना, घासताना तंतू सुटतात. म्हणून असा पत्रा शक्यतो कापूच नये. कापावाच लागला तर पाण्याने भिजवून, हातकरवतीने, धूळ रोखणारा चांगला मुखवटा लावून कापावा. साध्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. भुकटी कोरडी झाडू नये आणि धुळीचे कपडे घरात आणू नयेत.

आबा आता बादलीभर पाणी घेऊन छपरावर चढतात. मुखवट्याला मात्र अजून तयार नाहीत. माझे सांगणे चालू आहे.