गावाच्या पाण्याचा जमाखर्च

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. पण आडात किती आहे आणि पोहरे किती पडणार, हे आपण मोजत नाही. घरात पीठ थोडे असले की घरधनीण आधी खाणारी तोंडे मोजते, मग भाकरी थापते. गावाच्या पाण्याचेही तसेच करायला हवे.

पाऊस मोजला की जमेची बाजू कळते. खर्चाची बाजू कळायला घरोघर जावे लागते. माणसे किती? गाई-म्हशी, शेळ्या किती? विहीर कुणाला आहे, कुणाला नाही? कोणते पीक किती एकर? ऊसतोडीला गेलेली माणसे केव्हा परत येतात? पाणी कोण भरते, किती लांबून आणते? हे शेवटचे बायकांना विचारावे. खरे उत्तर त्यांनाच ठाऊक असते.

आता आम्ही एक हिशेब सांगतो. पाटीवर करून पाहा. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर १००० वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. आणि पाटाने पाणी दिलेला अडीच एकर ऊस किती पाणी पितो? तोही सुमारे २ कोटी लिटर, कधी जास्तच! एका शेतकऱ्याचा ऊस आणि साऱ्या गावाची तहान सारखीच. हे मोजल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येईल?

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव असा जमाखर्च मांडते. हा भाग कमी पावसाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुष्कळ माणसे पोटासाठी गाव सोडून गेली. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. पण पाणी अडवून गाव थांबले नाही. दरवर्षी पावसाचा आकडा ग्रामसभेपुढे ठेवायचा. पहिला वाटा माणसांचा, मग जनावरांचा. उरेल त्यावर पिके ठरवायची. पाऊस कमी, तर पाण्याची पिकेही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस-केळी लावायची नाही.

याचा गुण काय आला? गावात १९९५ साली १६८ घरे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० साली अशी ३ घरे उरली. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परत आली.

मोजणी नसली की ज्याची विहीर खोल आणि मोटार मोठी, त्याचेच पाणी. गरिबाने तोंड उघडले तर भांडण होते. आकडा मात्र कुणाचा भाऊबंद नसतो. तो चावडीवर सगळ्यांना सारखेच सांगतो.

मात्र मोजणी खरी हवी. वस्तीबाहेरचे घर, बिनजमिनीचे घर, एकट्या म्हातारीचे घर सुटता कामा नये. जो यादीतून सुटला, तो वाट्यातूनही सुटला.

तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात. वही घ्या. आपल्या आळीपासून सुरुवात करा. घरे किती, माणसे किती, जनावरे किती, ते लिहा. आणि पुढच्या ग्रामसभेत ती वही उघडून उभे राहा.